पाहुण्याला दिलेला प्याला

म्हसवड,
रविवार, ३० मार्च २०२५

ती. आप्पांस,
प्रियदर्शनीचा सप्रेम सलाम.

मी इथे बरी आहे. तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावता का? आणि कानातलं यंत्र डबीत ठेवायला आणलेलं नाही, एवढं ध्यानात असू द्या. फोनवर तुम्ही नुसतं "बरं, बरं" म्हणता, आणि मी काय बोलले ते मग आई तुम्हाला ओरडून सांगते. आज जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. अक्षर मोठं काढते आहे. सावकाश वाचा, आणि शक्यतो एकटे असताना वाचा.

आमच्या दवाखान्याचं डोळ्यांचं शिबिर पंधरवड्यापासून इथे चालू आहे. आम्हा नर्सेसची सोय सिद्धनाथाच्या देवळामागे एका घरात केली आहे. घरमालकीण रोज बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं करून घालते. मला "मडम" म्हणते, आणि मी देवळात का येत नाही असं एकदाही विचारलं नाही. ऊन मात्र आत्तापासूनच भाजून काढतंय.

आप्पा, एक विचारायचं होतं. आपले केरबा आजोबा, तुमचे थोरले भाऊ, कशाने गेले? घरात त्यांचा फोटो नाही, कुणी नावही काढत नाही, म्हणून मनात आलं. असो. त्याचं नंतर लिहिते.

गेल्या आठवड्यात बनाबाई नावाची एक म्हातारी मोतीबिंदूसाठी आली. तिला हाताला धरून आणलं होतं तिच्या थोरल्या भावानं, आणि गंमत अशी की तो ठार आंधळा! मी हसले, तर तोही हसला. "रस्ता माज्या पायात हाय, तिच्या डोळ्यात न्हाई," म्हणाला. उंच, वाळलेला माणूस. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं. डॉक्टरांनी त्याचेही डोळे बॅटरी लावून पाहिले. बाहुली स्वच्छ, पण आतली नस कधीचीच वाळून गेलेली.

"आजोबा, दारू प्यायचा का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदाच प्यालो."

"एकदा पिऊन कुणी आंधळं होतं का?"

"मी झालो. त्यात इस्पिरिट हुतं म्हनं. आन् प्यालो बी देवाच्या प्याल्यातनं."

आप्पा, मला तुमचीच गोष्ट आठवली.

तुम्हाला काय सांगायचं? दरवर्षी ईस्टरआधीच्या, प्रभुभोजनाच्या गुरुवारी आपल्या ख्रिस्ती देवळात उपदेश संपला की सगळी मंडळी तुमच्याकडे बघते. तुम्ही उठता, काठी बाकाला टेकवता आणि सांगायला लागता. मेंढरं घेऊन आलेला धनगराचा पोर देवळात शिरतो, प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला उचलतो, त्यात दारू ओततो, ओठाला लावतो आणि उभ्या जागी आंधळा होतो. ओरडत रानोमाळ पळतो आणि बेवारशासारखा मरतो. सकाळी बघतात तर प्याला आपल्या पायानं चालत देवळाच्या पायरीवर आलेला, धुतलेला, लखलखीत, आणि शेजारी त्या पोराची काठी. तुम्ही "आपल्या पायानं" म्हणालात की आम्ही पोरं पाय वर घेऊन बसायचो. मी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं तेव्हा भीतीनं माझे दात प्याल्याच्या कडेवर वाजले होते.

तो मेला नाही, आप्पा. त्याचं नाव धुळा.

त्यानं मला विचारलं, "बाय, तुजं गाव कंचं?" मी सांगितलं, कुंडलच्या पुढं, पाटाकडची ख्रिस्ती वस्ती. त्यानं माझ्या दिशेला तोंड वळवलं. मग म्हणाला, "तितं कौलाचं देऊळ हाय न्हवं? दाराम्होरं पायऱ्या?"

"आता वर स्लॅब आहे. पायऱ्या त्याच आहेत."

"मदली कोपऱ्याला फुटल्याली?"

"अजून फुटलेलीच आहे."

तेव्हा तो रडला. आंधळ्या डोळ्यांना पाणी येतं हे मला नवीन नाही, पण त्या दिवशी मला तिथे उभं राहवेना.

बनाबाईचं ऑपरेशन छान झालं. आज सुट्टी होती म्हणून मी त्यांच्या वस्तीवर गेले. शेळीच्या दुधाचा चहा झाला आणि धुळाबाबांनी सगळं सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते, माझ्या शब्दांत सांगायचं मला धाडस होत नाही.

"तवा आमी उन्हाळ्याची मेंढरं घिऊन खाली तुमच्याकडं यायचो. शेतात मेंढरं बसवायची आन् शेतवाला जुंधळं द्यायचा. तुमच्या वस्तीजवळ गुऱ्हाळ हुतं. तितला गुळव्या, तुमच्यातला एक पोरगा आन् मी, आमचं तिगांचं लय जमायचं. त्या पोराचा बा देवळाचा राखणदार. सण आला म्हणून बानं प्याला चिंचंनं घासाय घरी आणला हुता. गुळव्यानं कुठनं तरी दारू आणली आन् त्यो तुमच्यातला पोरगा प्याला घिऊन आला. मी म्हणलं, ह्यो कशाला रं? तर म्हणला, तू पावणा हाईस. आमी मगातनं पिऊ, पावण्याला चांगलं भांडं. आमची म्हातारी माणसं तुमच्या वस्तीचं पाणी घेत न्हवती, बाय. मी पीन का न्हाई आसं त्याला वाटलं आसंल. म्हणून त्यानं घरातलं सगळ्यात चांगलं आणलं. त्यो देवाचा हाय ह्ये मला ठावं हुतं, उगं खोटं का बोलू? पर न्हाई म्हणवलं न्हाई."

आणि मग त्यांनी हाताची मूठ करून दाखवली. "प्याला केवडा, तर येवडा. ती दोगं मगानं प्याली, मी प्याल्यानं, आन् त्यो बी एकच. म्हणून ती गेली आन् मी हाय. लोकं म्हणत्यात प्याल्यानं डोळं नेलं. मी म्हणतो, जीव ठिवला."

आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्या विषाचं असंच असतं. थोडं पोटात गेलं तर नजर जाते, जास्त गेलं तर माणूस.

आप्पा, मघापासून लिहायचं टाळते आहे, पण राखणदाराचा पोरगा म्हटल्यावर तुम्हाला कळलंच असेल. त्याचं नाव केरबा.

सकाळी गुळव्या उठलाच नाही. केरबा आजोबांना ओकाऱ्या होत होत्या. धुळाबाबांना जिकडं बघावं तिकडं पांढरं धुकं दिसत होतं. केरबा आजोबा त्यांना म्हणाले, "आदी प्याला धुऊन ठिवून ये. आबा मारंल." धुळाबाबांनी तो पाटाच्या पाण्यात धुतला, काठीनं चाचपत देवळापर्यंत गेले आणि पायरीवर ठेवला. काठी तिथेच विसरली. पाटाच्या काठाकाठानं हाताने चाचपडत परत आले. दुपारच्या आत केरबा आजोबा त्यांच्या मांडीवर गेले. तोपर्यंत धुळाबाबांना काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या माणसांनी भिऊन त्यांना घोड्यावर घातलं आणि त्याच दिवशी तळ हलवला.

जाण्याआधी केरबा आजोबांनी धाकट्या भावासाठी निरोप सांगितला होता. काय, ते धुळाबाबा मला सांगत नाहीत. "ते त्येचं हाय, त्येलाच सांगीन," म्हणतात. तुम्ही हयात आहात हे कळल्यावर त्यांनी माझे हात धरले ते सोडेचनात. त्यांना प्रभुभोजन नको आहे, काहीच नको आहे, फक्त एकदा त्या पायरीपर्यंत यायचंय. पण कचरतात. म्हणतात, "तितं मी मेलोय न्हवं? मेल्याल्या माणसानं परत जावं का?"

आप्पा, तुम्हाला राग येईल, येऊ द्या. बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत. मुलीला एवढं लांब कशाला पाठवता म्हणणाऱ्यांना गप्प करून नर्सिंगला घातलंत. म्हणून मी त्या दिवशी तपासणीच्या टेबलापाशी उभी होते. तुमच्यामुळे मला जे सापडलं, ते तुमच्यापासून लपवून मी कुठे ठेवू?

या गुरुवारी नाही, त्यापुढच्या नाही, पण सतरा तारखेच्या गुरुवारी तुम्ही पुन्हा उभे राहाल. त्याआधी हे तुम्हाला माहीत असावं, एवढंच.

तुमच्या एका "बरं"ची वाट बघणारी,
तुमची प्रियू


वस्ती, कुंडल,
सोमवार, २१ एप्रिल २०२५

चि. प्रियदर्शनी हीस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद आणि ईस्टरचा सलाम.

तुझं पत्र वेळेवर पोचलं होतं. उत्तराला उशीर केला तो मी. रागावलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पत्र उशीखाली कोंबलं आणि तुझ्या आईशीसुद्धा धड बोललो नाही. वाटलं, नात शिकली आणि मेलेल्या भावाच्या नावाला काळं फासायला निघाली. आम्हाला घरात सांगितलं होतं, केरबाला पटकी झाली. मी तेव्हा पोरच होतो. त्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही, पटकी लागते म्हणून. आबांनी सांगितलं ते खरं, एवढंच मला ठाऊक.

मग एका दुपारी अंगणात बसलो असताना एकदम आठवलं. ही गोष्ट माझ्या आधी आबा सांगायचे. आबा उठून उभे राहिले की माझी आई, तुझी पणजी साळूबाई, पदर सावरून देवळाबाहेर जायची. दरवर्षी. गोष्ट संपली की आत यायची. मी समजायचो तिला भीती वाटते. बाळ, ती बाहेर पायरीवर बसायची, आणि आत तिचा नवरा तिच्या लेकाला वगळून गोष्ट सांगायचा.

आबांना मी दोष देत नाही. दारूबंदीचे दिवस होते, पोलीस दारात आले असते. राखणदाराच्याच पोरानं प्याला नेला म्हटल्यावर मंडळीनं आम्हाला वस्तीत ठेवलं नसतं. दोन लेकरांतलं एक गेलं होतं, दुसऱ्याला जगवायचं होतं. तो दुसरा मी. हे ध्यानात आलं आणि माझा राग पाण्यासारखा उतरला.

शेजारच्या पप्पूला म्हटलं, जीप काढ, म्हसवडला जा, धुळाची वस्ती विचार आणि त्याला सांग, नाथाजीनं बोलावलंय.

गुरुवारी दुपार कलल्यावर ते दोघं आले. बनाबाईनं काळा चष्मा घातला होता. नवी नजर आलेली, त्यामुळं दिसेल ते ती भावाला सांगत होती. "दादा, देवळावर पांडरा क्रूस हाय. दादा, बोराचं झाड हाय. दादा, एक म्हातारा हुबा हाय, लय रडतुया."

"कोण म्हातारा?" धुळानं विचारलं.

मी म्हटलं, "मी. केरबाचा नाथा."

त्यानं हात पुढं केला आणि माझं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, हनुवटी. म्हणाला, "नाक त्येचंच हाय." मग खाली वाकून पायऱ्या शोधल्या, मधल्या पायरीच्या फुटक्या कोपऱ्यावर हात फिरवला आणि तिथंच बसला. मीही शेजारी बसलो. गुडघ्यानं कुरकुर केली नाही.

मी विचारलं, "काय म्हणाला माझा भाऊ?"

"म्हणला, नाथाला सांग, आज रातच्याला आयजवळ झोप. ती रडंल."

प्रियू, त्या रात्री मला शेजारच्या घरी झोपायला धाडलं होतं. आई एकटीच होती. निरोप त्या दिवशी पोचला असता तर मी कुणाचं ऐकलं नसतं, रडून, लोळण घेऊन घरी गेलो असतो. आता आईला जाऊन किती वर्षं झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण वाईट वाटलं त्याहून जास्त दुसरंच काही वाटलं, त्याला नाव सापडत नाही. जीव जात असताना माझ्या भावाला मी आठवलो. मला त्याचा चेहराही नीट आठवत नाही, आणि तो माझं नाव घेऊन गेला.

थोड्या वेळानं धुळा म्हणाला, "नाथाजी, एक इचारू का? इतकी वर्सं मनात हाय, इचारायला कोन न्हवतं. शेवटाला त्यो तुमची प्रार्थना म्हणाय लागला. निम्म्यात आडला. मला म्हणला, फुडं काय रं? मला तुमची प्रार्थना कुठली येतीया? मला काय बी सुचंना. मी आपलं सिद्धनाथाचं नाव घेतलं, त्येच्या कानात, त्यो जाईस्तवर. चाललं का ते? का माज्यामुळं त्येची वाट चुकली?"

मी मंडळीचा पंच. इतकी वर्षं लोकांना हे चालतं, हे चालत नाही सांगत आलो. त्या पायरीवर पंच काय बोलला असता कोण जाणे. माझ्या तोंडून निघालं, "चाललं, गड्या. लय बरं केलंस. एकटा न्हाई जाऊ दिलास त्येला."

त्यानं घोंगड्यात तोंड घातलं. बनाबाई म्हणाली, "रडू दे त्येला. लय दिसाचं हाय."

संध्याकाळी देऊळ भरलं. धुळा आणि बनाबाई दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. उपदेश झाला, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो. सुरुवात नेहमीचीच केली, मेंढरं घेऊन आलेला धनगराचा पोर. पुढं नेहमीचे शब्द आपोआप तोंडात यायला लागले, ते दाताखाली धरले. म्हटलं, "तो एकटा नव्हता. तिघं होते. आणि प्याला त्यानं चोरला नाही. माझ्या थोरल्या भावानं, केरबानं, तो आपल्या हातानं त्याला दिला, पाहुणा म्हणून." मग जसं तू लिहिलंस तसं सगळं सांगितलं.

संपल्यावर विश्वजीत पंच उठले. तरुण आहेत, पण मनाचे वाईट नाहीत. म्हणाले, "आप्पा, ही गोष्ट अशी सांगितली तर पोरांना धाक कसला राहणार?"

तेवढ्यात मागून आवाज आला. "धाकाला मी हाय की."

सगळी मंडळी मागं वळली. धुळा उभा होता, घोंगडं सावरून, तोंड जरा भिंतीकडं. "धाक ऱ्हाऊ द्या. पोरांनू, बगून घ्या मला. दारूनं डोळं गेलं, ह्ये ध्यानात ठिवा. पर जीव ऱ्हायला त्यो तुमच्या प्याल्यानं. मी रोज सकाळच्याला उठून त्येला हात जोडतो. कुठं जोडायचं दिसत न्हाई, म्हणून खालच्या अंगाला, तुमच्याकडं तोंड करून जोडतो. इतकी वर्सं झाली. एक दिस चुकवला न्हाई."

देवळात बायका रडायला लागल्या. विश्वजीत पंच आपल्या जागेवरून चालत मागं गेले आणि धुळाला हाताला धरून पुढच्या बाकावर आणून बसवलं. मला ते फार आवडलं.

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी प्याला धुऊन, पुसून त्याच्या ओंजळीत ठेवला. त्यानं बोटांनी कड मापली, आतून अंगठा फिरवला, आणि एकदम लहान पोरासारखा म्हणाला, "केवडा ल्हान हाय वो! मला मोटा वाटला हुता." आम्ही सगळे रडता रडता हसलो.

रात्री ते आपल्याच घरी राहिले. तुझ्या आईनं पिठलं-भाकरी केली. बनाबाईनं तिच्या हातच्या भाकरीचा काठ बघून नावं ठेवली, आणि दोघींचं लगेच जमलं. दुसऱ्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, सकाळी मी धुळाला कबरस्तानात नेलं. केरबाच्या कबरीवर दगड नाही, नुसता उंचवटा आहे, तोही मला नीट सांगता येईना. धुळा म्हणाला, दगड मी आणतो, आमच्या माळाचा काळा दगड झिजत नाही. नाव कोरून आणायचं पप्पूनं कबूल केलं आहे. कोरायचं काय, हे मला विचारलं. मी "केरबा" एवढंच सांगितलं, आणि खाली आईचं नाव, "साळूबाईचा लेक" म्हणून.

तू लिहिलं होतंस, माझ्यामुळं तू तिथं होतीस. बाळ, मी तुला पाठवलं ते पोटापाण्याला लागावीस म्हणून. त्यातून हे घडेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. देवाचे आभार मानायचे तर कुठून सुरुवात करू? तुझ्यापासून करतो. मग बनाबाईच्या मोतीबिंदूचे मानतो. गुडघा आता बरा आहे. यंत्र कानात आहे. धुळाचं बोलणं त्याच्याशिवाय ऐकू आलं नसतं, म्हणून गुरुवारपासून काढलेलं नाही.

सुट्टी मिळाली की ये. येताना त्यांच्या वस्तीवरून ये, म्हातारीचे डोळे बघून ये.

तुझा आप्पा,
केरबाचा धाकटा भाऊ,
नाथाजी